लेकरांच्या नावाचे पैसे: हप्ता चुकला तर काय तुटतं, ते आधी पाहा

सुरतच्या बमरोली, पांडेसरा, उधना या पट्ट्यात धुळे, जळगाव, नंदुरबारकडून येऊन स्थिरावलेल्या घरांत मुलांच्या नावाने बाजूला पडणारी रक्कम बेताचीच असते. घरचा माणूस लूमवर किंवा प्रोसेसिंग मिलमध्ये बारा तासांची पाळी करतो, बाई घरी बसून साड्यांना लेस आणि टिकी लावते, आणि भाडं, किराणा, गावाकडे पाठवायचे पैसे वजा जाता पाचशे-हजार उरले तर उरले. एवढ्याशा रकमेसाठी दारात येणारे मात्र कमी नाहीत. रोजचे पन्नास रुपये गोळा करणारा पतपेढीचा माणूस येतो. ‘मुलाच्या शिक्षणाची पॉलिसी’ घेऊन ओळखीतला एजंट येतो. गल्लीत भिशी चालू असते, सराफाची अकरा महिन्यांची योजना असते, आणि आता मोबाइलवरची अ‍ॅप्सही आहेत. प्रत्येक जण व्याज सांगतो, शेवटी मिळणारा आकडा सांगतो. हप्ता चुकला तर काय होईल, हे विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

आपल्याकडे हाच प्रश्न पहिला आहे. ज्याचा पगार मीटरवर ठरतो, त्याचा एक खाडा म्हणजे तेवढे पैसे कमी. दिवाळीनंतर कारखाने काही दिवस बंद राहतात, मंदी असली की ते दिवस वाढतात. आखाजीला, कानबाईला, लगीनसराईत गावी जाणं टळत नाही. म्हणजे वर्षातले दोन-तीन महिने मुलांच्या खात्यात काही पडणार नाही, हे धरूनच जागा निवडायला हवी. म्हणून खालचा हिशेब व्याजाच्या क्रमाने न लावता, चुकलेल्या हप्त्याची किंमत कुठे किती पडते, त्यावर लावला आहे.

चुकलेला हप्ता किती महाग?

सगळ्यांत स्वस्त मुलींसाठीची सुकन्या समृद्धी योजना आणि पंधरा वर्षांचं पीपीएफ. दोन्हींत महिन्याचा हप्ता नसतोच. वर्षभरात सुकन्येत किमान 250 रुपये आणि पीपीएफमध्ये किमान 500 रुपये पडले की खातं चालू. अख्खं वर्ष कोरडं गेलं तरी दंड 50 रुपये. तो आणि थकलेली किमान रक्कम भरली की खातं पुन्हा सुरू होतं.

त्यानंतर पोस्टाची आरडी. दर महिन्याला ठरलेली रक्कम, किमान 100 रुपये, पाच वर्षं. एक हप्ता चुकला तर शंभराला एक रुपया दंड, म्हणजे हजाराच्या हप्त्याला 10 रुपये. चार हप्ते थकेपर्यंत खातं तग धरतं. त्यापुढे बंद पडलं तर सुरू करायला दोन महिन्यांची मुदत असते.

म्युच्युअल फंडाच्या एसआयपीत फंड कंपनी काही कापत नाही, पण बँक कापते. खात्यात पैसे नसताना हप्ता परत गेला की बहुतेक बँका 250 ते 500 रुपये आणि वर जीएसटी लावतात. पाचशेची एसआयपी आणि परत गेल्याचा दंडही जवळपास तेवढाच, असं होऊ शकतं. महिन्याची एसआयपी सलग तीनदा परत गेली की ती रद्दच होते.

विमा पॉलिसीचा चुकलेला हप्ता सर्वांत महाग. मासिक हप्त्याला 15 दिवसांची आणि इतर हप्त्यांना 30 दिवसांची सवलत असते. ती उलटली की पॉलिसी बंद पडते, आणि सुरुवातीच्या वर्षांत बंद पडली तर भरलेल्या पैशांतला मोठा भाग हाती लागत नाही. 1 ऑक्टोबर 2024 पासून नियम थोडे सुधारले आहेत. एक वर्षाचा पूर्ण हप्ता भरला असेल तर आता काहीतरी परत मिळतं. पूर्वी तेही नव्हतं. तरीही तोटा तोटाच.

मुलगी असेल तर

दहा वर्षांच्या आतली मुलगी घरात असेल तर फार विचार करू नका. सुकन्या समृद्धी खातं उघडा. ही योजना 22 जानेवारी 2015 ला सुरू झाली. हा लेख लिहिताना व्याज 8.2 टक्के आहे, आणि ते जानेवारी 2024 पासून तेवढंच आहे. केंद्र सरकार दर तीन महिन्यांनी दर ठरवतं, त्यामुळे तो पुढे कमी-जास्त होऊ शकतो. सुरुवातीला 9 टक्क्यांच्या वर होता, मधली तीन वर्षं 7.6 वर होता. पोस्टाच्या इतर बहुतेक खात्यांपेक्षा तो वरच राहिला आहे. खातं उघडल्यापासून 15 वर्षं पैसे भरायचे, 21 वर्षांनी पूर्ण रक्कम मिळते. एका घरात दोन मुलींसाठी खाती उघडता येतात. जुळ्यांसाठी सवलत आहे.

आकडे बघा. मुलीच्या जन्माच्या वर्षी खातं उघडून महिन्याला 1,000 भरले, तर 15 वर्षांत तुमच्या खिशातून 1 लाख 80 हजार जातात. 8.2 टक्के दर कायम राहिला असं धरलं, तर 21 व्या वर्षी सुमारे साडेपाच लाख होतात. पण लगेच खूश होऊ नका. महागाई वर्षाला 6 टक्क्यांनी वाढत राहिली तर 21 वर्षांनंतरच्या साडेपाच लाखांत आजच्या एक लाख साठ हजारांइतकीच खरेदी होईल. हे सांगायचं ते खातं उघडू नये म्हणून नाही. हजारावरच थांबू नये म्हणून सांगायचं. मीटरचा भाव वाढला, पगार वाढला, की मुलीच्या खात्यातली रक्कमही शंभर-दोनशेने वाढवा.

पैसे अडकतात का? अडकतात, आणि या खात्याचा तोच खरा फायदा आहे. मुलगी 18 ची झाली किंवा दहावी पास झाली की आदल्या मार्चअखेर जमा असलेल्या रकमेच्या निम्मे पैसे शिक्षणासाठी काढता येतात. प्रवेशाचा किंवा फीचा कागद दाखवावा लागतो. वरच्या उदाहरणात ते 18 व्या वर्षी दोन लाखांच्या आसपास येतात. 18 नंतर लग्न ठरलं तर खातं मुदतीआधी बंद करता येतं. एरवी घरातल्या नेहमीच्या नडीसाठी त्याला हात लागत नाही. उचल फेडायला, मोटारसायकलच्या हप्त्याला, गावच्या घराच्या पत्र्याला हे पैसे जात नाहीत.

महिन्याच्या 5 तारखेच्या आत पैसे भरले तर त्या महिन्याचं व्याज मिळतं. म्हणून काही जण पगाराआधी उसने घेऊन भरायला धावतात. तसं करू नका. हजार रुपयांवर एका महिन्याचं व्याज सात रुपयांच्या आत आहे. पगार दहा तारखेला होत असेल तर सवडीने भरा. दिवाळीचा बोनस मात्र हातात घोळवत ठेवू नका, तो पुढच्या महिन्याच्या 5 तारखेआधी खात्यात टाका. वर्षाला दीड लाखाची मर्यादा आहे, तिथपर्यंत पोचण्याची चिंता आपल्याला नाही.

आता सुरतच्या मराठी घरांची खास अडचण. मुलगी गावाकडे आजी-आजोबांजवळ होती म्हणून आजोबांनीच गावच्या पोस्टात खातं उघडलं, अशी उदाहरणं पुष्कळ सापडतील. सुकन्या खातं फक्त आई-वडील किंवा कायदेशीर पालकच चालवू शकतात. 1 ऑक्टोबर 2024 पासून आजी-आजोबांनी उघडलेली खाती आई किंवा वडिलांच्या नावावर वळवून घेणं बंधनकारक आहे. तुमच्याकडे असं खातं असेल तर पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा पासबुक, मुलीचा जन्मदाखला आणि स्वतःचं आधार बरोबर न्या. खातं सुरतला आणायचं असेल तर पत्ता बदलल्याचा पुरावा दिल्यास बदलीचे पैसे लागत नाहीत. पुरावा नसेल तर 100 रुपये.

दुसरी अडचण नावाची. महाराष्ट्रातल्या जन्मदाखल्यावर वडिलांचं नाव ‘रमेश’ असतं, गुजरातच्या शाळेच्या दाखल्यावर ते ‘रमेशभाई’ होतं, आईच्या नावाला ‘बेन’ जोडलं जातं. आडनाव कुठे आधी, कुठे शेवटी. आज खिडकीवर हे कुणी बघत नाही. 18 वर्षांनी पैसे काढताना बघतात. म्हणून खातं उघडतानाच जन्मदाखला, मुलीचं आधार आणि तुमचं आधार ही तिन्ही समोर ठेवून एकेक अक्षर जुळवा. फरक असेल तर आधी आधार दुरुस्त करा, मग खातं. पॅन कार्ड त्या दिवशी नसलं तरी सुरुवात होते, पण खात्यातली रक्कम 50 हजारांवर गेली की दोन महिन्यांत ते द्यावंच लागतं. एवीतेवी लागणारच आहे, तेव्हा आधीच काढून ठेवा.

मुलीसाठी सरकारकडून मिळणारे पैसेही या हिशेबात धरा. गुजरात सरकारच्या ‘वहाली दिकरी’ योजनेत 2 ऑगस्ट 2019 नंतर जन्मलेल्या मुलीला पहिलीत 4,000, नववीत 6,000 आणि 18 व्या वर्षी 1 लाख रुपये मिळतात. उत्पन्न वर्षाला दोन लाखांच्या आत हवं, गुजरातचे रहिवासी असायला हवं, आणि अर्ज मुलीच्या जन्मापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. महाराष्ट्राची ‘लेक लाडकी’ योजना 1 एप्रिल 2023 नंतर जन्मलेल्या मुलींसाठी आहे. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड हवं, आणि टप्प्याटप्प्याने मिळून 1 लाख 1 हजार रुपये होतात. पण तिथे महाराष्ट्राचं रहिवासी असण्याची अट आहे. राहायचं बमरोलीत, रेशनकार्ड अमळनेरचं, मतदान शिरपूरला, अशा घराचं दोन्हीकडून राहून जातं. दोन्ही योजनांवर एकदम हक्क सांगता येणार नाही. मुलीची शाळा जिथे होणार आहे, त्या राज्याचे कागद पक्के करा आणि त्याच योजनेत वेळेत अर्ज द्या. ‘वहाली दिकरी’ची चौकशी जवळच्या अंगणवाडीत करा. वर्षाची मुदत हुकली तर 1 लाख 10 हजार गेले म्हणून समजा.

मुलगा असेल तर

मुलग्यासाठी सुकन्येच्या तोडीचं खातं नाही. सुरुवात पोस्टाच्या आरडीने करावी. सध्या दर 6.7 टक्के आहे, आणि आरडी उघडताना जो दर असतो तो पाच वर्षं बदलत नाही. महिन्याला 1,000 भरले तर पाच वर्षांत 60 हजारांचे 71,366 रुपये होतात. ती रक्कम आली की तिला घरखर्चाचं तोंड दिसू देऊ नका. मुलाच्या नावाने पीपीएफ उघडून तिथे वळवा, आणि पुढची आरडी सुरू करा.

पीपीएफचा दर एप्रिल 2020 पासून 7.1 टक्क्यांवर आहे. महिन्याला हजारप्रमाणे 15 वर्षांत सव्वातीन लाखांच्या थोडे आत होतात. सातव्या वर्षापासून थोडे पैसे काढता येतात. मुलगा 18 चा झाला की खातं त्याच्या सहीने चालतं. वडिलांचं स्वतःचं पीपीएफ असेल तर दोन्ही मिळून वर्षाला दीड लाखाचीच मर्यादा असते.

आरडीचे पैसे गोळा करायला पोस्टाच्या अधिकृत महिला एजंट घरी येतात. ही सोय चांगली आहे, विशेषतः जिथे नवरा पाळीवर आणि बाई साड्यांच्या कामात अडकलेली आहे. त्यांचं कमिशन सरकार देतं; तुमच्याकडून वेगळा एक रुपयाही घ्यायचा नसतो. एजंट तुमच्या कार्डावर तारीख, रक्कम आणि सही करते. पण कार्डावरची सही म्हणजे पोस्टात पैसे जमा झाले असं नव्हे. दर तीन महिन्यांनी पासबुक पोस्टात नेऊन छापून आणा, आणि कार्डावरच्या तारखा एका बाजूला, पासबुकातल्या दुसऱ्या बाजूला धरून ओळ न ओळ ताडून पाहा. एखादा महिना जुळला नाही तर त्याच दिवशी पोस्टमास्तरांना दाखवा. यात एजंटचा अपमान नाही. चांगली एजंट स्वतःच पासबुक छापून आणते.

मुलाच्या नावाची पॉलिसी

इथे माझं मत ठाम आहे: घेऊ नका. मुलगा कमावत नाही. तो गेल्यावर घराची चूल विझत नाही, कमावणारा गेल्यावर विझते. विमा बापाचा आणि कमावत्या आईचा हवा. ‘शिक्षणाची पॉलिसी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पारंपरिक योजनांचा परतावा साधारण 5 ते 6 टक्क्यांच्या घरात बसतो, म्हणजे पोस्टाच्या आरडीपेक्षाही कमी. शिवाय हप्ता चुकला तर काय होतं ते वर पाहिलंच. मागच्या महिन्यात घेतली असेल आणि आता पटत नसेल, तर पॉलिसीचे कागद मिळाल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते.

त्याऐवजी बँकेत जाऊन दोन फॉर्म भरा. प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा: वर्षाला 436 रुपये, वय 18 ते 50, कुठल्याही कारणाने मृत्यू झाला तर घरच्यांना 2 लाख. प्रधानमंत्री सुरक्षा विमा: वर्षाला 20 रुपये, अपघाती मृत्यू झाला तर 2 लाख. दोन्हींचे पैसे मेअखेरीस खात्यातून आपोआप वळते होतात. मे महिन्यात आपण बहुतेक गावी असतो आणि खातं रिकामं असतं. म्हणून सुट्टीवर निघण्याआधी खात्यात पाचशे रुपये सोडून जा. वारस म्हणून बायकोचं नाव आहे का, तेही त्याच वेळी विचारून घ्या.

भिशी, पतपेढी, सोनं

भिशी गल्लीतली, माणसं गावची, विश्वास पिढ्यांचा. घरात गॅस, पंखा, कपाट घ्यायला ती उपयोगी आहे, हे मान्य. पण मुलाच्या शिक्षणाचे पैसे तिथे ठेवू नयेत. चालवणारा एक दिवस खोली सोडून गेला तर दाद मागायला तुमच्या हातात एक कागदसुद्धा नसतो.

पतपेढीबद्दल जळगावच्या माणसाला वेगळं सांगायला नको. भाईचंद हिराचंद रायसोनी मल्टिस्टेट पतसंस्था जळगावचीच. 2015 मध्ये तिच्यावर अवसायक नेमला गेला आणि ठेवीदारांचे पैसे वर्षानुवर्षे अडकून पडले. गुजरातने 2001 मध्ये अहमदाबादची माधवपुरा मर्कंटाइल सहकारी बँक बुडताना पाहिली. फरक एवढाच लक्षात ठेवा: रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या बँकेत, ती सहकारी असली तरी, एका माणसाच्या 5 लाखांपर्यंतच्या ठेवींना विम्याचं संरक्षण आहे. पतसंस्थेला ते नाही. पोस्टाच्या पैशांची हमी केंद्र सरकारची आहे. दोन टक्के जास्त व्याजासाठी लेकराचे पैसे विम्याबाहेर नेऊ नका.

आखाजीला सोनं घेणं हा आपला सण आहे, तो करा. पण दागिना म्हणजे बचत नव्हे. सोन्यावर 3 टक्के जीएसटी, वर घडणावळ. ती 8 पासून 20 टक्क्यांपर्यंत जाते आणि मोडताना परत मिळत नाही. मुलीसाठी घ्यायचंच असेल तर हॉलमार्कचं नाणं घ्या.

बँकेचं खातं आणि एसआयपी

मुलाच्या नावाचं बँक खातं असावं, पण बचत वाढवायला नाही. मोठ्या बँकांत बचत खात्यावर अडीच टक्क्यांच्या आसपासच मिळतं. ते हवं शिष्यवृत्तीसाठी आणि सवयीसाठी. 21 एप्रिल 2025 च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकानुसार दहा वर्षं पूर्ण झालेलं मूल स्वतःच्या सहीने बचत आणि मुदत ठेव खातं चालवू शकतं; रकमेची मर्यादा बँक ठरवते. उघडताना विचारा: किमान शिल्लक किती, एटीएम कार्डाचे वर्षाला किती, एसएमएसचे किती. किमान शिल्लक शून्य असलेलंच खातं घ्या. स्टेट बँकेच्या ‘पहला कदम’ आणि ‘पहली उडान’ या खात्यांत तशी सोय आहे.

महागाईला मागे टाकायचं तर दहा-पंधरा वर्षांच्या मुदतीसाठी थोडे पैसे म्युच्युअल फंडात हवेत, हे मला पटतं. पण तीन महिन्यांचा घरखर्च बाजूला असेल, वरचे दोन विमे झाले असतील आणि पगार खात्यात येत असेल, तरच. फंड घेताना ‘डायरेक्ट’ प्रकार मागा. एजंटमार्फत घेतलेल्या ‘रेग्युलर’ प्रकारात दरवर्षी साधारण एक टक्का जास्त कापला जातो. तो किती पडतो? महिन्याला हजार, 18 वर्षं, असं धरा. वर्षाला 11 टक्के वाढ झाली तर 6 लाख 74 हजार होतात; 10 टक्के झाली तर 6 लाख. एका टक्क्याने 70 हजारांहून जास्त नेले. फंडात हमी नसते, मधल्या एखाद्या वर्षी रक्कम घटलेलीही दिसेल.

मुलाच्या नावाने फंड घेतला तर काढलेले पैसे त्याच्याच बँक खात्यात जातात, आणि तो 18 चा झाला की एसआयपी थांबते व नवीन केवायसी होईपर्यंत व्यवहार बंद राहतात. त्यामुळे आई किंवा वडिलांच्या नावानेच घेतलेला बरा. सप्टेंबर 2024 मध्ये आलेली एनपीएस वात्सल्य योजना मुलाच्या म्हातारपणासाठी आहे. कॉलेजच्या फीची ज्याला काळजी आहे, त्याने तिच्या मागे लागू नये.

कर वाचवण्याचं आमिष दाखवून कुणी काही विकत असेल तर त्याला सरळ विचारा, कोणता कर? नव्या कर पद्धतीत 12 लाखांपर्यंतच्या पगारावर कर लागत नाही, आणि जुनी ‘दीड लाखाची सूट’ तिथे मिळतही नाही.

महिन्याला हजारच उरत असतील तर माझी वाटणी अशी: मुलगी असेल तर 700 सुकन्येत, 300 ची आरडी. मुलगा असेल तर हजाराची आरडी. विम्यांचे 456 रुपये वर्षातून एकदा. बाकीच्या सगळ्यांना दारातून नम्रपणे परत पाठवा. आणि मुलीला दहावं वर्ष पूर्ण व्हायला थोडेच दिवस राहिले असतील, तर आरडी, फंड सगळं नंतर बघा. जन्मदाखला, दोन्ही आधार, दोन फोटो आणि 250 रुपये घेऊन येत्या सुट्टीच्या पाळीला उधना किंवा पांडेसऱ्याच्या पोस्टात जा. दहा पूर्ण झाल्यावर सुकन्या खातं उघडता येत नाही.